कोरड्या पट्ट्यातली येळवस

दुष्काळात येळवशीला निघालेय म्हटल्यावर घरच्यांनी मला वेड्यात काढलं. वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूरकडची घरंच्या घरं शेतात जाऊन जेवतात, पण शेतात काही उगवलं असेल तर. माझं मात्र भाचीचा फोन आला तेव्हाच ठरलं होतं. भाची म्हणजे सुजाता, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. ती कृषी विद्यापीठात संशोधन करते. निलंग्याजवळच्या एका शेतात तिचा हरभऱ्याचा प्रयोग शेवटच्या हंगामात आला होता. जमिनीत पुरलेली यंत्रं ओलाव्याचे आकडे तिच्या कॉम्प्युटरवर पाठवतात, आणि ते आकडे अलीकडं काहीच्या काही यायला लागले होते. "यंत्र बिघडलं असलं तर बरं. नाहीतर माझी सगळी वर्षं पाण्यात गेली, आत्या," ती म्हणाली. यंदा पाण्यात जायला तरी पाणी कुठलं, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

नांदेडहून आदल्या दिवशी सकाळची लातूर एसटी धरली. तुम्हीही आदल्या दिवशीच निघा. येळवशीला लातुरात दुकानं बंद असतात, रस्ते ओस पडतात, गाड्याही मोजक्याच सुटतात. लोहा मागं पडलं तशी रानं भुंडी दिसायला लागली. पेरलेलं उगवलं नव्हतं, उगवलेलं गुडघ्याला लागत नव्हतं. गावोगावी टँकरच्या वाटेवर घागरी रांगेत मांडलेल्या, माणसं सावलीला. अहमदपूरला भजी गरमागरम मिळाली, पाणी मात्र मागितल्याशिवाय कुणी ठेवत नाही. घरून भरून न्या आणि जपून प्या.

अहमदपूरला कपाळावर विभूती लावलेले एक उदगीरचे व्यापारी चढले आणि शेजारी बसले. उदगीर जिल्हा होणार का नाही, यावर सगळी बस बोलत होती. मागच्या एकानं जिल्हा झाला तर पाऊस जास्त पडेल का, असं त्यांना डिवचलं. ते चिडले नाहीत. "पाऊस न्हाई पडायचा," ते म्हणाले, "पर टँकर मागाया लातूरला हेलपाटे तरी न्हाई घालावे लागायचे."

लातुरात लॉज परवडतं, पण खोलीमागं एकच बादली पाणी देतात, आधीच विचारून घ्या. सुजाता तिथंच भेटली. तोंड सुकलेलं. जेवताना तिनं मला प्रयोग समजावून सांगितला. शेतात दोन पट्टे आहेत. एकात बियाण्याला जिवाणूंचा लेप लावून पेरलंय, दुसऱ्यात नुसतंच बियाणं. पाणी दोघांनाही नाही. लेपाचं पीक तगलं आणि बिनलेपाचं वाळलं, तरच लेपाचा उपयोग सिद्ध होणार. असलं कोरडं साल तिला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मिळालं होतं. आणि नेमका बिनलेपाचा पट्टा ओला असल्याचं यंत्र सांगत होतं.

सकाळी औशावरून जीपनं निलंगा गाठलं. शेत बसवराज पाटलांचं. बांधावर कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती, आत चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव. बसवराजच्या आई महानंदा आज्जींनी मी कोण, कुठली, हे विचारायच्या आधीच बसायला घोंगडी टाकली. येळवशीची ही रीत मला फार आवडते. शिवारात पाय ठेवला तो पाहुणा, जात विचारायची नाही, उपाशी सोडायचं नाही. येळवशीच्या मिसळ भाजीसाठी, म्हणजे भज्जीसाठी, शेंगा बाजारातून विकत आणाव्या लागल्या, म्हणून सुनेला कसंसंच होत होतं.

सुजाता थेट पट्ट्याकडं गेली. यंत्र ठणठणीत होतं. माती खरोखरच ओली होती. बसवराज शपथेवर सांगायला लागला की आपण थेंबभर पाणी सोडलेलं नाही.

तेवढ्यात पूजा झाली. आज्जी आंबिलीचं मडकं घेऊन बांधाबांधानं शिंपत निघाल्या. फेरी पुरी झाली, तशी त्यांनी कोपीतली पाण्याची कळशी उचलली आणि आमच्या सगळ्यांच्या देखत बिनलेपाच्या पट्ट्यात रिकामी केली. लपवाछपवी काही नाही. शेवटच्या पंगतीला वाढावं तशी वाढली.

"आज्जी, हे रोज करताव का?" सुजातानं विचारलं.

"हाव की, सांजच्याला. तेच्या भावाला औषीद लावलंय, तेला कायबी न्हाई. माझ्या आंगुळीचं पानी वाचवून घालते."

सुजाता त्यांच्याजवळ बांधावर बसली. मग तिनं आज्जींना शांतपणे सगळं सांगितलं, की हा पट्टा कोरडाच राहायला हवा होता, त्याच्यावरूनच दुसऱ्याचं कळणार होतं.

"म्हंजी ह्येनं मरायचं, तवा तुमाला कळायचं?"

"हाव आज्जी." ती म्हणाली, "माझे बाबा असल्याच पट्ट्यात होते."

हे ती परक्या माणसाजवळ बोलेल असं मला वाटलं नव्हतं. दादाला मेंदूचा आजार होता. हात कापायचे, माणसं विसरायला लागला होता. नव्या औषधाच्या चाचणीत त्यानं नाव दिलं. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नव्हतं. एकही दिवस न चुकवता त्यानं ती घेतली. तो गेल्यावर कळलं, त्याची बिनऔषधाची होती. मी तेव्हा डॉक्टरांवर फार चिडले होते, आणि खरं सांगते, आजही तो राग पुरता गेलेला नाही.

सुजातानं हे सांगितल्यावर आज्जींनी एवढंच विचारलं, की अशी गोळी मिळू शकते हे तिच्या बाबांना ठाऊक होतं का. होतं, सुजाता म्हणाली, त्यांनी समजून सही केली होती. आज्जींनी बिनलेपाच्या हरभऱ्याकडं बोट केलं.

"तेंला इचारलं तरी. ह्येला कुनी इचारलं?"



बसवराजनं हळूच सुचवलं की घरातली गोष्ट घरात राहील, आकडे आहेत तसे लावा. ती नाही म्हणाली. तसे लावले तर चांगला लेप कुचकामी ठरेल आणि उद्या दुसऱ्या कुणाचं रान वाळेल. हा हंगाम खोडायचा, ठरलं. मग पुढं काय, त्यानं विचारलं. "आणखी एक असंच कोरडं साल लागेल," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. आज्जींनी तिच्या ताटात भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे वाढले, पाठीवरून हात फिरवला. सुजाता रडत रडत जेवली. मीही.

परत येताना निलंग्याहून बस नव्हती. मिळेल त्या जीपनं किल्लारी आणि तिथून लातूर केलं.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. येळवस बघायला जरूर जा, पोटभर जेवाल. मला मात्र जेवणापेक्षा आज्जींचा प्रश्न आठवतो. विज्ञान नको असं मी म्हणणार नाही, दादाही म्हणाला नसता. पण कुणीतरी कोरडं राहतं तेव्हा आपल्याला कळतं, एवढं आता विसरता येत नाही.

परवा सुजाताचा फोन आला. तिच्या मार्गदर्शकांनी मुदत वाढवून दिलीय. येत्या पावसाळ्यात पाऊस बरा पडेल असं बातम्यांत सांगत होते, ते मी मुद्दाम बोलले नाही. तिनंच विषय काढला.

"पडू दे, आत्या," ती म्हणाली. "माझं राहिलं तर राहू दे."