मोजणीच्या दिवशी मारलेल्या फेऱ्या

आमचं गाव सेलूच्या रस्त्यावर, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. इकडे आमचं घर, तिकडे मावशीचं. आई आणि मावशी सख्ख्या बहिणी, एकाच गावात दिलेल्या. दुपारची भांडी झाली की आई रस्ता ओलांडून मावशीकडे जायची. दोघी तुरीच्या शेंगा सोलत भांडायच्या. सांजेला आई तणतणत परत यायची, "उद्या जात नाई तिच्या घरी!" दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या गाड्या मोजायला पोरं आली. निंबाखाली खुर्च्या टाकून बसली. गाडी गेली की कागदावर एक रेघ, पाचवी आडवी. गावात बोभाटा झाला, की गाड्या जास्त भरल्या तरच रस्ता मोठा होणार, नाहीतर तो शेजारच्या गावावरून जाणार. आमच्या नाकावर टिच्चून शेजारचं गाव? मग काय विचारता बाप्पा! घरोघरचे ट्रॅक्टर निघाले. बैलगाडी रस्ता जास्त अडवते म्हणून हिशेबात ती कित्येक कारांच्या बरोबरीची धरतात, हेही कुणीतरी त्या पोरांकडून काढून आणलं. झालं! गोठ्यात रवंथ करत बसलेले बैल उठवून लोकांनी गाड्या जुंपल्या.

मी मोटारसायकल काढली. नाल्याच्या पुलापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. मोजणारं पोरगं हसायला लागलं.

"काका, पुन्हा तुम्हीच?"

"गाडी गेली ना बे? मंग मार रेघ."

त्यानं मारली. आईनं चहा रस्त्यावरच आणून दिला. "उतरू नको, पिऊन जाय," म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं.

रस्ता झाला. चार पदरी, मधे डिव्हायडर. गाड्यांना वळायची जागा गावापासून लांब. आई नेहमीसारखी निघाली, डिव्हायडरवर चढली आणि तिथंच तिचं लुगडं अडकलं. दोन्हीकडून ट्रक धडधडत होते आणि ती मधे बसून राहिली. मी धावत जाऊन तिला आणलं. त्यानंतर ती एकटी कधी गेली नाही. मावशीचे गुडघे तर केव्हाचेच गेलेले.

आता दोघी मोबाइलवर बोलतात. आमच्या ओसरीतून मावशीचं अंगण दिसतं. फोन कानाला लावून मावशी तिकडून हात हलवते, आई इकडून. मी कधीमधी आईला गाडीवर बसवून लांबच्या वळणानं नेतो. रोज नेत नाही, आणि त्याला कारण कंटाळा, दुसरं काही नाही. "तुमच्या फेऱ्यांनं का रस्ता झाला?" बायको म्हणते. नसेल झाला. पण मी मारल्या ना, दात काढत मारल्या! आई ओसरीत फोन घेऊन बसली की मी मागच्या दारानं शेतात निघून जातो.

यंदा पुन्हा पोरं आली. रस्त्याखालून पायवाट द्यायची का, हे ठरवायचं होतं, म्हणून पायी ओलांडणारी माणसं मोजत होती. मी सकाळीच त्यांना गाठलं.

"माझ्या आईची एक रेघ मार."

"कुठं आहेत त्या?"

"घरी. भेवानं येत नाही."

"दादा, जे ओलांडतात त्यांचीच मोजणी. जे येतच नाहीत त्यांची रेघ कशी मारू?"

पोरगं खरं तेच बोललं. मी घरी आलो. माणसं मोजताहेत हे आईला कुणीतरी सांगितलं होतं. नवं लुगडं नेसून, चपला घालून ती ओसरीत तयार बसलेली.

"चाल, घेऊन चाल मले. किती येळा जा लागते, सांग."

त्या ट्रकांमधून तिला कोणत्या तोंडानं नेऊ?

"तू बस. तुझी रेघ मारली त्यानं," मी खोटंच बोललो.

आईनं चपला काढल्या आणि मावशीला फोन लावला.

"अवं, मले मोजलं म्हणते पोरगा. आता वाट होईन. मंग येतोच मी."