सासूबाईंची खाट आणि सहा कोंबड्या

इस्त्रीवालीला आपल्या सहा कोंबड्यांचा भारी तोरा. नवरा गेल्यापासून दिवसभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या मोडायच्या आणि संध्याकाळी मागच्या अंगणात बसून कोंबड्यांशी गप्पा हाणायच्या, एवढंच तिचं सुख. अंडी विकून दूध-साबण सुटायचं, ते वेगळं.

भिंतीपलीकडे तिची मोठी जाऊ, पार्लरवाली. ही साऱ्या गल्लीच्या भुवया कोरते, पण धाकटी हसताना दिसली की हिच्याच भुवया कपाळात जातात. तिने पालिकेत तक्रार ठोकली : वास येतो, गिऱ्हाईक पळतं.

पालिकेचा माणूस टेप घेऊन आला. नियम असा, की खुराडं शेजाऱ्याच्या राहत्या खोलीपासून वीस फूट लांब हवं. मोठीचं घर आणि त्यातलं पार्लर तीस फुटांवर निघालं. मध्ये मोठीची अडगळीची खोली होती, खुराड्याला जवळजवळ खेटूनच.

"हिच्यात कोण राहतं?"

"झुरळं," इस्त्रीवाली म्हणाली.

"मग चालतंय. माणूस झोपत असता, तर गोष्ट वेगळी होती."

हे बोलायची काही गरज होती का मेल्याला! मोठीने कान टवकारले. दोनच दिवसांत अडगळ बाहेर आणि सासूबाई आत. एक खाट, एक तांब्या, एक बल्ब. "आईंना मोकळी हवा लागते हो," मोठी गल्लीभर सांगत सुटली. खोलीला खिडकी नाही, ही बारीकशी गोष्ट तेवढी गाळली.

टेपवाला पुन्हा आला. त्याने खाटेवरची म्हातारी पाहिली, अंतर मोजलं आणि कोंबड्या पिंजऱ्यात कोंबून नेल्या. इस्त्रीवाली गाडीमागे कोपऱ्यापर्यंत धावली. गल्लीने दारात उभं राहून पाहिलं. तमाशा फुकट होता.

संध्याकाळी ती जावेच्या दारात गेली.

"झालं ना मनासारखं, ताई? आता तरी आईंना घरात घ्या."

"म्हणजे खोली रिकामी, आणि तू उद्या कोंबड्या आणायला मोकळी! खुळी समजलीस का मला?"

"मग माझ्याकडे पाठवा त्यांना."

"तरी खोली रिकामीच की गं! आधी ते खुराडं मोड. मग आणते आईंना आत."

इस्त्रीवाली तावातावाने हातोडी घेऊन निघाली. एक फळी उचकटली, दुसरीला हात घातला आणि थबकली. भिंतीपलीकडून म्हातारीचा खोकला येत होता, चांगला छातीतून. अशा खोकल्याने माणूस किती दिवस काढणार? तिच्यामागे ती खोली पुन्हा अडगळीचीच. मग टेपवाला तरी काय करणार?

तिने फळी परत जागेवर ठोकली.

सकाळी कपड्यांचं गाठोडं सोडण्याआधी तिने भिंतीपाशी जाऊन गोड आवाजात विचारलं, "आई, बऱ्या आहात ना?"

"आहे गं अजून," आतून उत्तर आलं. "काल खिळे ठोकलेस, ते ऐकलं मी. नीट घट्ट ठोक. मला वेळ लागेल."