तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवलेला हात

फेब्रुवारीत आंतरशालेय समूहगान स्पर्धेत सदाशिव पेठेतल्या एका शाळेला पहिलं बक्षीस मिळालं. एप्रिलअखेर त्या शाळेचे संगीताचे सर निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही.

मी तेव्हा एका दैनिकासाठी शाळांच्या बातम्या करत असे. सरांची ओळख त्याच स्पर्धेत झाली, बक्षिसाच्या बरीच वर्षं आधी. तोवर त्यांची शाळा एकदाही जिंकली नव्हती. इतर शाळा निवडक गळे आणत. सर अख्खा वर्ग मंचावर चढवत. परीक्षकांचा शेरा ठरलेला असे : काही आवाज वेगळे पडतात.

"पडणारच," सर म्हणाले. "वेगवेगळ्या मुलांचे आहेत."

पुढे त्यांच्या वर्गात जाऊन बसलो. सूर न लागणाऱ्या मुलाला ते पुढे बोलावत, त्याचा तळहात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर ठेवत आणि तारा छेडत.

"लागलं का हाताला?"

मूल मान हलवी.

"मग गळ्यालाही लागेल. घाई नाही."

भोपळ्यावर एका जागचं पॉलिश पार गेलं होतं.

गॅदरिंगच्या कोरसमध्ये मागच्या रांगेत उभं केलेलं मूल तुम्हीही पाहिलं असेल. सर लहानपणी तसंच एक मूल होते. बाईंनी त्यांना सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." त्यांनी गाणं संपेपर्यंत ओठ हलवले. घरी जाताना वडील म्हणाले, "छान गायलास." ही हकिगत सर हसत सांगत आणि लगेच चहा मागवत.

मग ते हट्टानं गाणं शिकले, विशारद झाले. "मैफलीचा गळा नाही, हे गुरुजींनी सांगितलं नाही हो. मलाच ऐकू येत होतं." ते शाळेत लागले. आपल्या वर्गात ओठ हलवणारं मूल असता कामा नये, एवढी एकच अट त्यांनी स्वतःला घातली होती. कोथरूडहून स्कूटरवर येत आणि प्रार्थनेआधी तंबोरा लावून ठेवत. प्रार्थनेला सगळी शाळा त्या सुरावर गाई.

संस्थेचे सचिव एकदा माझ्यासमोर म्हणाले, "अहो सर, स्पर्धा आहे ती. सत्यनारायण नाही, सगळ्यांना बोलवायला."

"बरं. मग प्रसाद कुणाकुणाला नाही द्यायचा, तेवढं सांगा."

सचिवांनी विषय बदलला.

शेवटच्या वर्षी मुख्याध्यापिकाबाईंनी सरांना बोलावलं. "तुमच्यानंतर संगीताचा तास कॉम्प्युटरला द्यायचं चाललंय. कप आला तर बैठकीत मला बोलायला काहीतरी राहील. या वर्षी एवढं बघा, सर."

सर "बघतो" म्हणाले, असं बाईंनीच मला सांगितलं.

स्पर्धेच्या दिवशी मी विंगेत होतो. या वेळीही अख्खा वर्ग आला होता. सहावीतल्या एका मुलीसमोर सर गुडघ्यांवर बसले. तिचा आवाज तालमीत सगळ्यांच्या वर निघत असे आणि वेगळ्याच पट्टीत जाई.

"बाळ, आज तू नुसते ओठ हलव."

"पण सर, हात ठेवला की लागतो मला."

"माहितीये."

"मग मी तंबोऱ्यापाशी उभी राहू?"

तिच्या वेणीची सुटलेली रिबीन सरांनी बांधली.

निकालानंतर मुलीची आई मंचामागे आली. "काय छान गायलीस गं!" मुलीनं सरांकडे पाहिलं. सर तंबोऱ्यावर गवसणी चढवत होते. नाडीची गाठ त्यांनी बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

बैठक मे महिन्यात झाली. काय झालं, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं.

"मी कप टेबलावर ठेवला. सगळे म्हणाले, अभिनंदन. मग कॉम्प्युटरचा तास मंजूर झाला."

बातमीसाठी मी सरांना फोन केला. प्रतिक्रिया मागितली.

"छापण्यासारखं काही नाही."

ते फोन ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही.

"तुमचं शाळेत जाणं होईल ना? ती मुलगी प्रार्थनेला गाते का, तेवढं बघाल?"

शाळा सुरू झाल्यावर मी गेलो. तंबोरा गवसणीत, संगीताच्या खोलीतल्या कपाटावर होता. खोलीत कॉम्प्युटरची खोकी आली होती. प्रार्थना आता पेनड्राइव्हवरून लागते. स्पीकर व्हरांड्यात आहे, आवाज रस्त्यापर्यंत जातो. मुलगी सातवीच्या रांगेत पुढेच होती. मी तिच्या जवळ जाऊन उभा राहिलो.

तिचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

सरांना मी तसं कळवलं. ते म्हणाले, "बरं."