हार घातलेला दुसरा सर्व्हर

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणवत नाही. साक्री तालुक्यातल्या आमच्या शाळेत विज्ञानाचे सर म्हणायचे, "आधी वायर तपासा, मग भुताचं बोला." तेव्हा जसं घडलं तसं लिहितो.

मी घरातला पहिला पदवीधर. वडील, म्हणजे आमचे नाना, गुजराती मुलखात भेस्तानला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतात, घर तिथेच डिंडोलीत. जवळच्याच इच्छापोरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कॉम्प्युटर विभागाच्या हितेशसरांनी मला कॉन्ट्रॅक्टवर घेतलं, हाताला धरून काम शिकवलं. मला कायम करायचं की नाही, हे दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ठरणार होतं.

ट्रकचे गेटपास ज्या सिस्टिममधून निघतात, तिच्यापुढे मी दोन लोड बॅलन्सर बसवले होते. आलेलं काम मागच्या मशीनमध्ये वाटून देणारे हे सर्व्हर. दोघांत मिळून पत्ता एकच, आणि एका वेळी तो एकाकडेच. पहिला दर सेकंदाला 'मी आहे' असं कळवत राहतो. तो तीन सेकंद गप्प झाला की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. नानांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हंजे जोडीदार. मी चहाले गऊ का तो मन्हा माग देखस." अगदी तेच.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारं पुसून पूजेला मांडतात आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. पहिला सर्व्हर थांबवणं शक्य नव्हतं, म्हणून मी दुसरा बंद केला. पॉवरची आणि नेटवर्कची, दोन्ही वायरी काढल्या, स्टुलावर ठेवून हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. सारखा अलर्ट येऊ नये म्हणून तोही बंद केला. संध्याकाळी मशीन रॅकमध्ये सरकवलं. वायरी सकाळी लावू म्हटलं... आणि सकाळी प्रिंटरच्या तक्रारीत अडकलो, विसरून गेलो.

सव्वाअकराला मोबाइलवर अलर्ट — पहिला सर्व्हर बंद. मी गेटवर फोन लावला. तिथले यादवभाई म्हणाले, "पास तो निकल रहा है. तू क्यूँ हाँफ रहा है, भाई?" म्हणजे दुसऱ्याने काम घेतलं होतं. मला फार बरं वाटलं. हितेशसरांनी पाठ थोपटली, शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "छोकराए काम पाकुं कर्युं छे."

मग सर्व्हर रूममध्ये गेलो. पहिल्याचा पॉवर सप्लाय जळाला होता, वास येत होता. आणि त्याच्या खाली दुसरा — हार तसाच, एकही दिवा नाही, दोन्ही वायरी मागे लोंबकळत.

लॅपटॉप जोडून त्या सामायिक पत्त्यावर पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' असं विचारलं. उत्तर येत होतं. पत्ता कुणाकडे आहे ते पाहिलं, तर नेटवर्क कार्डाचा क्रमांक दुसऱ्या सर्व्हरचा. हा क्रमांक मशीनच्या स्टिकरवर छापलेला असतो. हार बाजूला करून मी एकेक अक्षर जुळवलं. तोच. मशीनला हात लावला, थंड होतं.

भीती वाटली नाही. पूजा झाल्यावर वाटतं तसं शांत वाटत होतं. वायरी लावल्या, मशीन चालू केलं. ते उभं राहायला दोन-तीन मिनिटं गेली, तेवढ्यातही पिंग एकदासुद्धा चुकलं नाही.

नंतर लॉग पाहिले. दुसऱ्याची शेवटची ओळ दसऱ्याची, बंद झाल्याची. पुढची थेट अकरा तेहतीसची, चालू झाल्याची. पण मागच्या मशीनमध्ये त्या अठरा मिनिटांतले सगळे पास ओळीने नोंदलेले — दुसऱ्याकडूनच आलेले. तिसरं एखादं मशीन तो पत्ता घेऊन बसलंय का, तेही शोधलं. नव्हतं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिलो असतो तर त्याच आठवड्यात कायम झालो असतो. जेवणाच्या सुट्टीत नानांना फोन केला.

"नाना, मन्हा हातून चूक व्हयनी. वायरी लावाले इसरी गऊ."

"पूजा तर बरोबर करी व्हती ना?"

"हां."

"ट्रका थांबन्यात का?"

"नही."

"मंग घाबरस काय? सायेबले सांग. त्यासनी तुले शिकाडं, त्यासपाईन दपाडू नको."

गेलो, काही न लपवता सगळं सांगितलं. सर म्हणाले, "एटले बंद हतुं? तो चाल्युं केवी रीते?"

"खबर नथी, सर."

"खबर नथी, के कहेवुं नथी?"

सांगायचं नाही असं काही नव्हतं; मी लॉग दाखवले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचले. मला कायम करायचं त्यांनी तीन महिने पुढे ढकललं, आणि ते रास्तच होतं. पुढे झालोही. पण त्या दिवशी अहवाल मलाच लिहायला लावला. बिघाडाचं कारण लिहिलं, माझी चूक लिहिली. 'सेवा कशी चालू राहिली' या रकान्यात तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी सरांनी पेन मागून घेतलं. "जे खबर नथी, ते लखवानुं नहीं," एवढंच म्हणाले, आणि रकाना कोरा ठेवून खाली सही केली. मग मी केली.