दुसऱ्या बारीचा कोरम

भांडण ऐकायला म्हणून मी तिथं बसले नव्हते. ग्रामपंचायतीच्या मागच्या भिंतीला सावली होती आणि मला तुरीच्या शेंगा सोलायच्या होत्या. आता भिंतीपलीकडं दोन माणसं दबक्या आवाजात भांडायला लागली, तर माणसानं कान काय घरी ठेवून यावं?

तेवीस-चोवीस वर्षं झाली त्याला. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. एक आवाज व्यंकटरावांचा. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची. सरपंच म्हणून पाटीवर नाव त्यांच्या बायकोचं, आणि बोलणं मात्र यांचं. दुसरा आवाज आमच्या शेजारच्या पुंजाजीचा. तो ग्रामपंचायतीचा शिपाई, दवंडी देणं आणि सभेला सह्या घेणं त्याच्याकडं.

"किती डोकी झाली?" व्यंकटराव म्हणाले.

"एकसष्ट."

"कोरमला शंभर लागत्यात. लिही की मंग शंभर."

"कशा लिहू पाटील? बाकीच्या सह्या काय म्हशींच्या घिऊ?"

"लई शाना हुन राहिला तू. बरं, सभा तहकूब कर. आठ दिसांनी बसू. तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. दुसऱ्या बारीला हजर तेवढे पुरे."

"आमची समदी वस्ती कापूस येचायला गेली हाय. आठ दिसांनी बी तितंच राहील. पान्याची टाकी कोन्या अंगाला बांधायची, ते त्यांना न इचारता ठरवता का?"

"पुंजाजी, तुला पगार ग्रामपंचायत देती का तुजी वस्ती?"

थोड्या वेळानं पुंजाजी पुढच्या अंगाला गेला आणि दवंडीच्या आवाजात ओरडला, "सभा तहकूब! दुसऱ्या बारीला हजर तेवढे पुरे!" एकसष्ट माणसं चुपचाप उठली. आठ दिवसांनी तेवीस आली. टाकी व्यंकटरावांच्या आखाड्याला, म्हणजे शेतातल्या घराला, लागून झाली आणि आमच्या वस्तीतल्या बाया पुढची सहा वर्षं डोक्यावर हंडे वाहत राहिल्या.

त्या दिवशी मी उठून पुढं आले तर सतरंजीवर पुंजाजीची पोरगी बसली होती. सरिता. सहावीला असेल. बापाचं हजेरीबुक मांडीवर घेऊन, चष्मा नव्हता तेव्हा, डोळे मोठे करून बापाकडं बघत होती. मी सांगतेय ती गोष्ट तिची. मी स्वतः चौथीपर्यंत शिकले, तेव्हा काही चुकलं-माकलं तर ते माझं, तिचं नाही.

सरिता गावात सातवी, कनेरगाव नाक्याच्या शाळेत दहावी, मग हिंगोलीला पॉलिटेक्निक, नांदेडला इंजिनियरिंग आणि पुण्याला नोकरी असं करत गेली. चार वर्षांखाली पुंजाजीला लकवा मारला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली. आई आधीच वारलेली. पोरगी बॅग आणि दोन कॉम्प्युटर घेऊन परत आली. हापिसानं घरून काम करायची मुभा दिली म्हणे. सोमवार ते शुक्रवार हापिसाचं करते, मध्ये उठून बापाला कूस बदलून देते. रविवारी मात्र ओसरीत बसून वेगळंच काहीतरी करते. मी रोज तिकडं जातेच, चहाचं निमित्त असतं. चहा माझ्या घरी पण असतो, ती गोष्ट वेगळी.

"आज हापिस बंद, मग कोनाचं काम करून राहिली?" मी एकदा विचारलं.

"कोनाचंच न्हाई, मोठीमाय. समद्यांचं."

"असं कसं? समद्यांचं म्हंजी कोनीच करत न्हाई ते."

ती हसली. "विहारातली मोठी भांडी कोनाची?"

"समाजाची."

"कोनाच्या घरी लग्न असलं की नेतात, घासून परत ठिवतात. एखाद्या भांड्याचा कान तुटला तर ज्याला जमतं तो डाख लावून आनतो. तसंच हे. त्याला ओपन सोर्स म्हनतात. लिहिलेलं समदं उघडं ठिवायचं. कोनीबी न्यावं, कोनीबी बघावं, चुकलं तर सांगावं."

"आन तुला काय भेटतं?"

"शिव्या. कधी कधी थँक्यू."

मला हे पटलं नाही, पण विचारायचं थांबवलं पण नाही. पुढच्या रविवारी डब्यांचं विचारलं. ती फोनवर सारखं कंटेनर, कंटेनर करते, आणि मला तर कंटेनर म्हटलं की नाक्यावरून जाणारे ते लांबलचक ट्रकच दिसतात. ती म्हणाली, तो डबाच समज. प्रोग्राम एका मशिनीवर चालतो आणि दुसरीवर नेला की रुसतो. तिथलं पाणी त्याला मानवत नाही. म्हणून त्याचं तेल, मीठ, तिखट सगळं त्याच्यासोबत एका डब्यात भरून द्यायचं. डबा कुठंही उघडा, चव तीच.

"आन डबे तू बनवती?"

"न्हाई. डबेवाले लई मोठे लोक हायत. मी वीट पाडते. एकच वीट. ती नेऊन ज्याला जसं पाहिजे तसं त्यानं घर बांधावं."

वीट म्हटल्यावर मी सरसावून बसले. वसमतकडच्या भट्टीवर मी सात हंगाम काढलेत. मला वीट कोणी शिकवू नये.

तिच्या विटेचं काम असं. हजारो डबे पाच मशिनींवर ठेवलेले. कोणता डबा कुठं जाईल, कोणाची नोंद खरी, हे ठरवायला पाचांतली एक मशीन पुढारी लागते. ती बंद पडली की बाकीच्यांनी मत देऊन दुसरी निवडायची. निम्म्याहून जास्त हजर असल्या तरच निवड बराबर.

"अगं, ही त ग्रामसभा झाली!"

"म्हनून त नाव चावडी ठिवलं," सरिता म्हणाली. "बाहेरदेशाचे लोक चौडी म्हनतात. मी नऊ वर्षांपासून राखते तिला. माज्याजवळ हापिसाचं समदं हापिसाचं हाय. चावडी तेवढी माजी."

फोनवर तिच्या तोंडी सारखं "लीडर इलेक्शन" असायचं. ते ऐकून कोणीतरी नाक्यावरच्या टपरीवर बातमी नेली की पुंजाजीची पोरगी इलेक्शनच्या मशिनी चालवते. दोन उमेदवार पेढे घेऊन आले. एकानं माझ्याकडं बघून आवाज बारीक केला, "ताई, आमच्या वार्डाचं जरा बघा." पेढे चांगले होते. वार्डाचं काही झालं नाही.

चावडीत एक नियम होता, त्याला ती "बाबांचा नियम" म्हणायची. विटेवर तसं इंग्रजीत लिहूनच ठेवलेलं. बाहेरदेशाचे लोकही बाबा रूल म्हणायचे. पुंजाजीला हे सांगितलं की तो अर्ध्या तोंडानं हसायचा. नियम काय ते मला ठाऊक नव्हतं. आणि हे विचारायचं कसं राहिलं, याचं मला अजून नवल वाटतं.

परवाच्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी गेले तर चूल थंड, सरिता ओसरीत भिंतीला टेकून. समोर कॉम्प्युटर उघडा.

"काय झालं? बाबा ठीक हाय ना?"

"बाबा ठीक हाय. चावडी चुकली, मोठीमाय."

समुद्रापलीकडच्या कुठल्या देशातून, मशिनी सांभाळणाऱ्या एका बाईचं पत्र आलं होतं. तिच्या रक्तपेढीत बाटल्यांची नोंद चावडीवर चालायची. पाच मशिनी, दोन इमारतींत. मधली तार तुटली. इकडं तीन मशिनी राहिल्या, तिकडं दोन. तिघींनी आपली पुढारी निवडली. दोघींनी पण निवडली. दोन पुढारी झाले आणि दोघांनी एकच रक्ताची बाटली दोन वेगळ्या माणसांच्या नावावर लिहिली. एका नर्सबाईच्या ध्यानात आलं म्हणून निभावलं.

"पर दोघींनी कशी निवडली?" मी म्हणाले. "निम्म्याहून जास्त पाहिजे म्हनली व्हतीस ना तू? पाचात दोन काही निम्म्याहून जास्त होत न्हाईत. एवढा हिशोब मला बी येतो."

"बाबांच्या नियमानं निवडली." तिनं कॉम्प्युटर माझ्याकडं फिरवला, जसं काही मला वाचता येणार होतं. "कोरम न्हाई भरला तर थोडं थांबायचं. मग दुसऱ्या बारीला हजर तेवढे पुरे. ज्यांच्याकडं मशिनी थोड्या, त्यांच्यासाठी मी हे घातलं व्हतं, काम अडू नये म्हनून. ज्यांना पाहिजे ते चालू करत्यात. लहानपनी ऐकलेलं, बाबा सभेत उभं राहून म्हनले व्हते. मला वाटायचं, कायदा बाबाच करतात. नऊ वर्षं मी कोनाला बोट ठिवू दिलं न्हाई त्याच्यावर."

मी तिच्याजवळ सरकले.

"सरे, तो नियम तुज्या बापाचा न्हाई."

"म्हंजी?"

"व्यंकटरावाचा हाय."

मग मी तिला भिंतीमागचं सगळं सांगितलं. तुरीच्या शेंगांपासून. सांगून झाल्यावर उठून आत गेली आणि बापाच्या खाटेजवळ उकिडवी बसली. मी दारात.

"बाबा, तहकूब सभेला कोरम लागत न्हाई, हे तुमी म्हनले व्हते ना?"

पुंजाजीचा एकेक शब्द गाडी चिखलातून ओढावी तसा निघतो.

"तोंड... माजं," तो म्हणाला. "बोलनं... त्याचं."

आणि माझ्याकडं डोळे वळवून, "वहिनी... ऐकत व्हती व्हय?"

"शेंगा सोलत व्हते, भाऊजी."

तो हसला. सरिताला हसू येत नव्हतं. पण तिथूनच तिचा हात चालायला लागला. नियम काढून टाकायला तिला घंटाभर पण लागला नाही. अवघड होतं ते पुढचं. जगाला उघड्यावर लिहायचं होतं की हे मी घातलं, काहून घातलं, काय नुकसान झालं, आणि ज्यांनी ज्यांनी नियम चालू केलाय त्यांनी आधी तो बंद करा. तिनं लिहिलं. वर बाबांचं नाव होतं तेही काढलं, आणि चूक माझी ऐकण्याची, असं लिहिलं.

उत्तरं येऊ लागली. काही जण म्हणाले, नियम ठेवा, आमचं काम अडेल. सरितानं एकेकाला लिहिलं, अडलेलं बरं, दोन धनी नकोत. काही जण शांतपणे थँक्यू म्हणाले. एकानं मात्र लिहिलं, ज्या बाईनं नऊ वर्षं ही चूक बघितली नाही, तिच्या हातात चावडी कशी ठेवायची? ते तिनं मला चार वेळा वाचून दाखवलं. तीन दिवस भाकरी अर्धीच खाल्ली. हापिसाचं काम तेवढं बिनचूक.

"जाईल का गं चावडी तुज्या हातून?" मी विचारलं.

"कोनी ओढून नेऊ शकत न्हाई. लोकांनी वापरायची थांबवली तर ती पडून राहील, एवढंच. पर त्यानं बराबर इचारलं, मोठीमाय."

तिला बरं वाटावं म्हणून मी भट्टीच्या गोष्टी काढल्या. दुसरं काय येतं मला? आमच्या मुकादमाची एक रीत होती. जी जोडी विटा पाडायची, तिला तो आपल्या विटा वाजवून बघू द्यायचा नाही. पक्क्या विटेचा आवाज खणखणीत, चिरलेलीचा भद्द. पण आपण पाडलेली वीट आपल्या कानाला नेहमी खणखणीतच वाटते. म्हणून माझ्या विटा दुसऱ्या जोडीतली पेमा वाजवायची आणि तिच्या मी. पेमानं माझ्या चारशे विटा एका दिवसात बाजूला काढल्या होत्या. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

सरिता माझ्याकडं वळली. "चावडीच्या विटा वाजवायला कोनीच नव्हतं," ती म्हणाली. "लोक नेत व्हते. घरं बांधत व्हते. मी एकटीच पाडत व्हते आन एकटीच वाजवत व्हते."

चावडी राखायला या म्हणून त्याच दिवशी तिनं दोन पत्रं लिहिली. एक त्या रक्तपेढीच्या बाईला. दुसरं वसमतच्या सृष्टीला. ती पोरगी हैदराबादला असते आणि सहा महिन्यांखाली तिनं त्या नियमावर एक प्रश्न विचारला होता. सरितानंच तिला कळवलं होतं, हा बाबांचा नियम हाय, राहू दे. आता लिहिलं, तू बराबर विचारलं होतंस, चावडी राखशील का? दोघीही व्हय म्हणाल्या. सृष्टीनं फोनच केला. म्हणाली, "ताई, तुमी बी राहा ना. तिघी राहू."

"न्हाई," सरिता म्हणाली. "मी राहिले की तुमी माज्याच तोंडाकडं बघताल. दोघीजनी एकमेकीच्या विटा वाजवा. एक नवी आवृत्ती माज्या हातानं काढते, नियम काढलेली. मग चावडीत बदल करायच्या किल्ल्या तुमच्या."

मला ते कडक वाटलं. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, मी गेलेच न्हाई कुठं, इथंच तर बसलेय.

रविवारी सकाळी ती ओसरीत बसली. आधी पुंजाजीला गोळ्या दिल्या, तोंड पुसलं. मग पाय पोटाशी घेऊन कॉम्प्युटर उघडला. काय काय बदललं ते तिनं आठ ओळींत लिहिलं. मग दर वेळेस लिहिते तशी नावं लिहायला घेतली, ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची. प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत होती आणि मी ते चुकीचं म्हणत होते. एक नाव तर माझ्या जिभेवर बसलंच नाही. सरितानं तीन वेळा सांगून सोडून दिलं.

बटण दाबलं. दूरच्या बारा मशिनी वीट तपासून एकेक हिरवी खूण पाठवतात. तोवर ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. अकरा आल्या.

"बारावी?"

"ती नेहमी उशिरा येते."

शेंगा संपत आल्या तेव्हा बारावी पण आली. सरितानं दोघींना लिहिलं, नवी आवृत्ती काढली आहे, बघून घ्या. किल्ल्या त्यांच्या नावावर केल्या, आपलं नाव काढलं, मांडीवरची टरफलं ओंजळीत गोळा केली आणि बापाची कूस बदलायला आत गेली.