जॉबर आणि माझी मिशी

जॉबर कुजबुजले तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणारा तो जॉबर; माझ्या या शेजाऱ्याचे उभे आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेले होते. तिथे कानांचा उपयोग नसतो; समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखायचे. ही सवय त्यांनी घरीही ठेवली. माझ्या तोंडाकडे पाहून मात्र ते हताश होत. "सर, तुमच्या मिशीत शब्द अडकत्यात की," म्हणत. मिशी भरघोस होती. वर्गात शांतता राखण्याचे निम्मे काम तीच करी. उरलेले निम्मे मी करतो, असा माझा समज होता.

त्या काळी एका वर्तमानपत्रात रोज तीन चौकटींची चित्रमालिका येई. नायक एक हेडमास्तर: हातात छत्री, ओठांवर झुडूप, जगाला शिस्त लावण्याचा ध्यास. जॉबर रोज सकाळी अंक घेऊन माझ्या दारात उभे राहत. "सर, आज परत तुमचा फोटो आलाय." मी अंक घडी करून परत देई. छत्री मात्र काही दिवस घरी ठेवली. भिजलो.

पुढे त्या मालिकेवर चित्रपट निघाला. जॉबरांनी मला जवळजवळ ओढतच नेले. मध्यंतरानंतर आवाज गेला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. तेव्हा जॉबर उठले व पडद्यावरचे ओठ वाचून संवाद म्हणू लागले. प्रारंभी ते प्रामाणिक असावेत. थोड्याच वेळात पडद्यावरचा हेडमास्तर "चपला रांगेत काढा", "नळावर भांडू नका, क्रमाने उभे राहा" असे बोलू लागला. ही माझी वाक्ये होती. निम्मी गल्ली त्या खेळाला आली होती. माणसे वळून माझ्याकडे पाहत हसू लागली. खरा आवाज परतला, तेव्हा मागून कोणी ओरडले, "आवाज बंद करा हो, जॉबर चालू द्या!"

मी ताठ बसून होतो. परतताना जॉबर वरमून म्हणाले, "सर, राग आला काय? जरा बी हसला नाही तुमी."

"हसण्यासारखे काही नव्हते," मी म्हणालो.

त्यानंतरही ते रोज अंक घेऊन येत. पण आधी माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेत. तो त्यांना कधी लागला नाही.

म्हातारपणी जॉबरांचे कान पूर्ण गेले. ते आजारी पडले आणि कुंभारीला मुलीकडे राहायला गेले. सर्वांचे बोलणे त्यांना ओठांवरून कळे, माझे कळेना. भेटायला गेलो की मी मराठीत बोले आणि त्यांची मुलगी तेच मराठीत पुन्हा सांगे. एकदा ती चहा करायला उठली आणि आम्ही दोघे नुसते बसून राहिलो. जॉबर माझ्या मिशीकडे पाहून मान डोलवत होते. मी काहीही बोललो नव्हतो.

परतताना मी थेट न्हाव्याकडे गेलो. तो माझा जुना विद्यार्थी. "सर, नक्की ना?" त्याने पुन्हा पुन्हा विचारले. काम उरकल्यावर आरशात एक अनोळखी, काहीसा भित्रा गृहस्थ दिसला. त्या झुडपामागे हा राहत होता तर.

पुढच्या भेटीत जॉबरांनी मला ओळखले नाही. "कोण पायजे?" त्यांनी विचारले. मग छत्री दिसली आणि ते सावरून बसले. मुलीने मोबाइलवर तो जुना चित्रपट लावून दिला. हेडमास्तर येताच जॉबर सुरू झाले, "चपला रांगेत काढा!" माझ्याकडे पाहिले मात्र, आणि त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

"अय्यो! सर, तवा थेटरात बी तुमी असंच हसत हुता व्हय?"

मी ओठ नीट हलवून म्हणालो, "हो."

जॉबर त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. मिशी मी पुन्हा वाढवलेली नाही. गल्लीतली माणसे अजून विचारतात, "सर, आजारी होता काय?"

मी "होतो" म्हणतो.