पेट्रोलच्या डब्यातलं रॉकेल

वाचनालयातल्या मंडळींनो, घरी जाऊनही डोकं शांत होईना, म्हणून हा कागद फळ्यावर लावतोय.

सरकारी तपासनीस म्हणून आज भद्रकालीतल्या एका दुकानात रॉकेल तपासलं. चांगलं रॉकेल किंचित कोमट करून ज्योत जवळ नेली तरी पेटत नाही. हे तापवायच्या आतच भपकन पेटलं. म्हणजे आत पेट्रोल; कंदिलात भरलं तर भडकाच.

दुकानदार शांतपणे म्हणाला, "डबा पेट्रोलचाच होता साहेब. पण रॉकेलने विसळून घेतला की."

"आणि विसळायला वापरलेलं रॉकेल?"

"त्यातच ठेवलं. वाया कशाला घालवायचं?"

मी विक्री थांबवली, तर बाटल्या घेऊन उभी असलेली माणसं माझ्यावरच उखडली. पेठ गावाकडची एक बाई म्हणाली, "सायब, लेकरं काय अंधारात बसवू?"

लोक आपल्या बाजूने आहेत म्हटल्यावर दुकानदाराला जोर चढला. "काही होत नाही हो त्याने."

मी म्हटलं, "मग तुमच्या घरचा कंदील याच डब्यातून भरा आणि माझ्यासमोर लावा."

तो पटकन बोलून गेला, "नको साहेब, घरात लहान मुलं आहेत."

मंडळी, मग त्या बाईच्या घरात कोण आहे असं त्याला वाटत होतं?